मिठाचं दार

सोमवार, ११ फेब्रुवारी

"अहो, भिंतीशी बोलण्यापेक्षा वहीशी बोला," असं ही म्हणाली, म्हणून लिहायला बसलोय. डायरी कारखान्यात नव्या वर्षाला सगळ्यांना फुकट वाटली होती. वर बाटलीचं चित्र आहे. बाटलीची मान जरा डावीकडे कलली आहे. ते चित्र काढणाऱ्याला दिसलं नाही, छापणाऱ्याला दिसलं नाही, मला पहिल्या दिवशी दिसलं. जन्मभर पट्ट्यासमोर उभा राहून वाकड्या बाटल्या वेचल्या, त्याचं हे फळ. सरळ गोष्ट माझ्या डोळ्यांत भरतच नाही.

आजची बातमी सरळ आहे. आमच्या पोराला, खारूला, त्याच्या आजारावरची नवी गोळी मंजूर झाली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा ही भांडी घासत होती, तशीच ओल्या हातांनी खुर्चीवर बसली. खारू म्हणाला, "बरं." आणि खोकला. मग आम्ही तिघं जेवलो. मागच्या खोलीच्या दाराकडे कोणी पाहिलं नाही, आणि कोणी पाहत नाहीये हे तिघांनाही कळत होतं.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गोळी नेमकं काय करते ते आज डॉक्टरीणबाईंनी समजावलं. आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस, म्हणेपर्यंत निरोगी माणसालाही धाप लागते. माझ्या दोन्ही मुलांना तो जन्मापासून. मला आपलं एवढंच ठाऊक होतं की घामात मीठ जास्त आणि छातीतला कफ डिंकासारखा. धाकटा झाला तेव्हा त्याचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे, म्हणून तो खारू. आता वीस वर्षांचा घोडा झालाय, पण नाव तेच.

"तुमच्या कारखान्यात काय होतं?" बाईंनी मला विचारलं.

"भट्टीतून बाटली निघते, निवते, पट्ट्यावरून माझ्यासमोर येते. चांगली पुढे जाते. खोट असली की मी उचलून टोपलीत टाकतो. तिचा चुरा होतो, चुरा परत भट्टीत."

"मग तुम्हाला सांगणं सोपं आहे. पेशीतही हेच चालतं. प्रोटीन आधी लांब धाग्यासारखं तयार होतं, मग त्याची घडी पडते. घडी नीट पडली की नाही ते तिथंच तपासलं जातं. पडली असेल तर पुडक्यात बांधून पेशीच्या कडेला रवाना. तिथं जाऊन बसलं की ते मिठाचं दार होतं. मीठ-पाणी ये-जा करतं, कफ पातळ राहतो. खारूच्या प्रोटीनमध्ये एक कण कमी आहे. घडी जराशी वाकडी पडते. तपासणारा त्याला अडवतो आणि मोडून टाकतो. कडेला जवळजवळ काही पोचतच नाही."

"बरोबरच आहे त्याचं," मी म्हटलं. "वाकडं ते वाकडं."

"तेच तर आहे," बाई म्हणाल्या. "पोचलं असतं तर त्याने बरंच काम केलं असतं. सरळ प्रोटीनइतकं नाही, पण जगण्यापुरतं. तपासणारा गरजेपेक्षा जास्त काळजी घेतो. गोळी ती घडी सावरून धरते, म्हणजे ते तपासणीतून सुटून बाहेर जातं. आणि गेल्यावर दार नीट उघडायलाही मदत करते."

मी विचारलं, "मोठीचंही असंच होतं?"

"दोघांचं अगदी एकच."

"म्हणजे ही गोळी तिला..."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि "हो" म्हणाल्या. पुढे 'पण' जोडला नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. खारू खिडकीबाहेर गाड्या लावायच्या जागेकडे बघत होता. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

उद्यापासून गोळी. आज संध्याकाळी सहाला नेहमीसारखं थोपटलं. हाताची ओंजळ करायची, पोकळ आवाज आला पाहिजे. पाठ, मग एक कूस, मग दुसरी, मग छाती. कफ सुटतो आणि खोकून बाहेर पडतो. आता त्याला यंत्र निघालंय, अंगात घालायचं जाकीटही निघालंय. आमच्याकडे हातच. यंत्राला काय कळतं कुठं साठलंय ते?

पूर्वी दोघांना थोपटायचो. आधी खारू, मग मोठी. उलट कधीच नाही. मोठीला एक वाईट जंतू लागला होता. तो भावाला लागला तर त्याचं आयुष्य घटेल, असं दवाखान्यात बजावलं होतं. म्हणून ती मागच्या खोलीत, तो पुढच्या. ताटं वेगळी, टॉवेल वेगळे, दोघं एका वेळी एका खोलीत नाहीत. हा नियम मी पाळला आणि घराला पाळायला लावला. ही मला कठोर म्हणायची. खोट असलेली एक बाटली पुढे गेली की अख्खी पेटी परत येते, हे तिला काय माहीत? मोठी हसत म्हणायची, "बाबा, मी पहिली जन्मले आणि माझा नंबर कायम शेवटचा." संध्याकाळी दोघं भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना फोन करायची. हसायची एवढी की फोनची गरज नसायची.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. गेली तेव्हा खारू तोंडाला पट्टी बांधून उंबऱ्यावर उभा होता. आत ये, असं मी त्याला म्हटलं नाही. नियम बरोबरच होता. त्याला जंतू लागला नाही.

सोमवार, १८ फेब्रुवारी

सकाळी दोन गोळ्या, लोणी-पाव आणि अंड्याबरोबर. स्निग्ध पोटात गेल्याशिवाय ती अंगी लागत नाही. संध्याकाळी एक.

दुपारपासून जो कफ सुटला तो बघून आम्ही घाबरलो. बाईंनी आधी सांगितलं होतं म्हणून, नाहीतर मी पोराला उचलून दवाखान्यात पळालो असतो. वीस वर्षांचं साठलेलं. मी थोपटायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या बाबा, आपोआप येतंय." संध्याकाळी थकून पडला होता. ही जवळ बसली होती. म्हणाला, "आई, हवा खालपर्यंत जातेय. खाली एवढी जागा आहे, मला माहीतच नव्हतं."

हिने त्याच्या छातीला कान लावला आणि तो तसाच ठेवून बसली. मी गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत बसलो. छपाई चांगली आहे.

गुरुवार, १४ मार्च

घामाची चाचणी झाली. मीठ निम्म्याहून खाली आलं. हिने घरी येताच त्याच्या कपाळाचा पापा घेतला, ओठ चाटून बघितले आणि म्हणाली, "फिका लागतो रे." मग हसता हसता डोळ्यांना पदर लावला. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

थोपटणं आता बंद करून बघा, असं बाई म्हणाल्या. त्याऐवजी त्याने पळावं. पळतोसुद्धा. नदीकाठच्या रस्त्याने जातो आणि लालबुंद होऊन येतो.

घरात खोकला नाही. सकाळी जाग येते ती शांततेने. पहिल्या दिवशी उठून त्याच्या खोलीत गेलो, श्वास चाललाय का ते बघायला. त्याने एक डोळा उघडून विचारलं, "काय झालं?" काही नाही, पाणी हवंय का ते विचारायला आलो, असं म्हटलं.

मंगळवार, २६ मार्च

सहाला हात धुतले. धुतल्यावर लक्षात आलं. धुतलेच आहेत तर मागच्या खोलीत जाऊन बसलो. पलंग आहे तसा आहे. थोडा वेळ बसलो म्हणजे नेहमी थोपटायला लागायचा तेवढा. बाहेर आलो तेव्हा खारू बुटांच्या नाड्या बांधत होता. एकच नाडी बराच वेळ बांधत होता.

जेवण जात नाही हल्ली. ही म्हणते वाळलात. वय झालं, दुसरं काय?

बुधवार, ३ एप्रिल

आज कारखान्यात नाचक्की झाली. मुकादमाने परत आलेली पेटी सगळ्यांसमोर उघडली. एका बाटलीच्या खांद्यात बुडबुडा, एकीचं बूड तिरकं, एकीची मान कललेली. शिक्का माझ्या पाळीचा.

"तुमच्या हातून?" मुकादम म्हणाला. "तुम्ही तर नव्या नवरीतही खोट काढाल."

खरं म्हणजे त्या नजरेतून सुटल्या नव्हत्या. दिसल्या होत्या. टोपलीकडे हात गेला आणि थबकला. म्हटलं, पोचू देत. पाणी तर धरतील. मी त्याला तसं सांगितलं.

"पाणी धरतील, दाब धरणार नाहीत. सोडा भरताना फुटली तर कुणाचा डोळा जाईल. दया करायची तर घरी करा, पट्ट्यावर नको."

बोलणं बरोबर होतं. खाली मान घालून ऐकून घेतलं.

रविवार, १४ एप्रिल

जेवताना खारूने विषय काढला. दुसऱ्या शहरात जमीन मोजायला शिकवतात, दोन वर्षांचा कोर्स. दुर्बीण आणि तिपाई घेऊन डोंगर-टेकड्या मोजत हिंडायचं. त्याने परस्पर अर्ज केला होता आणि त्याला घेतलंय.

"हे कुठून डोक्यात आलं?" मी विचारलं.

"मला काहीच येत नाही बाबा. शाळेत म्हणायचे, याला दमवू नका. परीक्षेला म्हणायचे, राहू दे. कुणी काही शिकवलंच नाही, याला कुठं पुढे लागणार आहे म्हणून. आता लागणार आहे म्हणतात, तर काहीतरी यायला नको का?"

ही म्हणाली, "जाऊ दे की त्याला."

मी शांतपणे एकेक मुद्दा मांडला. वसतिगृहात चौघांची खोली, म्हणजे चौघांचे चार खोकले. डोंगरात धूळ. दवाखाना लांब. गोळीची वेळ कोण सांभाळणार? गोळी नवी, पुढे काय करेल कुणी बघितलंय? एक वर्ष जाऊ दे, मग बघू. "वर्षाने तुम्ही आणखी एक वर्ष थांबायला सांगाल," असं ही मध्येच म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

खारू ऐकत होता. मग म्हणाला, "राहू दे मग."

समजूतदार आहे पोरगा. मोठीही अशीच. एकदा सांगितलं की पुरे.

सोमवार, ६ मे

आता सकाळच्या गोळ्या मी स्वतः त्याच्या हातात देतो, विसरायला नको म्हणून. "लोणी-पावाबरोबर घेतो, तुम्ही निघा, उशीर होईल," म्हणतो. माझ्या वेळेची काळजी करायला लागलाय. मुलगा मोठा झाला की असं होतं.

पळायला गेला नाही आज. कंटाळा आला म्हणे.

शनिवार, २५ मे

सकाळी खोकल्याने जाग आली. लिहू नये, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार? आधी बरं वाटलं, मग काळजी वाटली. क्रम असा होता.

संध्याकाळी म्हणाला, "बाबा, थोडं थोपटता का? डावीकडे जड वाटतंय." हातांना काही सांगावं लागलं नाही. डाव्या कुशीला खालच्या बाजूला साठलं होतं, मला लगेच कळलं. यंत्राला कळलं नसतं. बराच कफ पडला. नंतर तो उशीवर गाल टेकून माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "भूक लागली असेल ना तुम्हाला?"

खरंच लागली होती. दोनदा वाढून घेतलं.

रविवार, ९ जून

खोकला वाढलाय. मला वाटतं गोळीचा जोर सरला. नव्याचे नऊ दिवस. सकाळ-संध्याकाळ थोपटतोय. दमतो, पण झोप छान लागते. कारखान्यातही हात पुन्हा बसलाय. मुकादम म्हणाला, "आला बाबा आमचा जुना गिधाडडोळ्या."

हिचं मात्र काहीतरी बिनसलंय. आज भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याच्या खोकल्याने या घरात तुम्हालाच तेवढं बरं वाटतंय."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. बाप आहे मी त्याचा. दिवसभर तिच्याशी बोललो नाही.

गुरुवार, २० जून

आज जे झालं ते नीट लिहितो.

दवाखान्यात घामाची चाचणी पुन्हा घेतली. मीठ पूर्वीइतकंच, गोळीच्या आधी होतं तेवढं. श्वासाचा जोर मोजायच्या फुंकणीवरचा आकडा पार घसरला होता. मी म्हटलं, "गोळीचा जोर सरला ना?" बाईंनी माझ्याकडे नाही, खारूकडे पाहिलं.

"जोर असा सरत नाही," त्या म्हणाल्या. "गोळी पोटात असेल तोवर प्रोटीन कडेला पोचतं. बंद केली की थोड्याच दिवसांत तपासणारा परत अडवायला लागतो. ही तू घेत नाहीयेस."

"अशक्य," मी म्हटलं. "मी स्वतः हातात देतो."

खारूने माझ्याकडे पाहिलं नाही.

"आजपासून सुरू कर," बाई म्हणाल्या. "जे गेलं त्यातलं काही परत येईल. सगळं येईल असं मी सांगणार नाही. फुप्फुसाला एकदा वण पडला की तो तसाच राहतो."

बाहेर बसच्या थांब्यावर बाकावर बसलो. दोन बस गेल्या. मी विचारलं, "कधीपासून?"

"कोर्सचं बोलणं झालं, त्यानंतर."

"माझ्यावर राग काढलास?"

"नाही हो." तो खोकला, थांबला. "ताई गेली त्या संध्याकाळी तुम्ही मला थोपटायला आलात. सहाला. हात धुऊन."

"वेळ झाली होती."

"तेच म्हणतोय मी. तुम्ही रडला नाहीत, कुणाशी बोलला नाहीत, मला थोपटलंत. मग रोज थोपटलंत. गोळी आली आणि तुम्हाला काही करायला उरलं नाही. रोज हात धुऊन तिच्या खोलीत जाऊन बसायला लागलात. जेवायचं सोडलंत. आईला वाटलं तुम्ही पण जाणार. मला म्हणाली तसं. मी मनाशी म्हटलं, थोडे दिवस गोळी थांबवून बघू. ज्या दिवशी खोकलो, त्या दिवशी तुम्ही दोनदा वाढून घेतलंत."

मला वाटलं होतं, ते फक्त मला ठाऊक आहे.

"अरे, पण तुझा जीव..."

"तुम्ही जाऊ देणारच नव्हता. मग घरात बसून बरं होऊन तरी काय करायचं होतं?" हे तो चिडून बोलला नाही. मला चिडलेलं परवडलं असतं.

तिसरी बस आली, तीत बसलो. मला माझी लाज वाटली, एवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पोराची छाती भरत होती आणि मी ताट भरून जेवत होतो.

शुक्रवार, २१ जून

सकाळी गोळ्या दिल्या आणि गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. त्याने जीभ बाहेर काढून दाखवली, लहानपणी दाखवायचा तशी. दोघांपैकी कोणी हसलं नाही.

संध्याकाळी सहाला तो आपणहून पलंगावर पालथा पडला. छातीत घरघर होती, दारातून ऐकू येत होती. मी म्हटलं, "ऊठ. बूट घाल. नदीपर्यंत जाऊन ये, पळवेल तेवढं पळ, नाहीतर चाल."

"आज जड आहे बाबा, थोडं थोपटा."

"नाही."

माझ्या तोंडून हा शब्द त्याला या बाबतीत कधी ऐकू आला नव्हता. त्याने उठून बूट घातले. गल्लीच्या टोकापर्यंत त्याचा खोकला ऐकू येत होता. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खिडकीशी बसलो. मग खोकला ऐकू येईनासा झाला. ते ऐकणं जास्त कठीण होतं.

रविवार, २३ जून

मागच्या खोलीत गेलो, हात न धुता. पलंगावर बसलो आणि रडलो. मोठीसाठी. नियम बरोबर होता, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की त्याचा गुळगुळीत दगड झालाय. नियम बरोबर होता आणि माझी मुलगी तीन वर्षं एका खोलीत भावाला न शिवता मेली, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. दुसरं मी कधी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आज म्हटलं.

ही आत आली. तिने काही विचारलं नाही. शेजारी बसली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्हाला रडताच येत नाही." मग तीही रडली. खारू उंबऱ्यापर्यंत आला आणि सवयीने तिथेच थांबला.

मी म्हटलं, "आत ये."

तो आला आणि आमच्यामध्ये बसला. पलंग एकाच माणसाचा, तिघांच्या वजनाने करकरला. ही म्हणाली, "मोडेल आता." कोणी उठलं नाही.

सोमवार, १५ जुलै

घामाची चाचणी चांगली आली. फुंकणीचा आकडा वर चढला, पण मार्चात होता तिथपर्यंत नाही. बाई म्हणाल्या, "इथं थांबेल बहुतेक." वरच्या आकड्यात आणि या आकड्यात जे अंतर आहे, ते त्याच्या छातीतून कायमचं गेलं. ते कुणामुळे गेलं हे बाईंनी विचारलं नाही. मला ठाऊक आहे.

परत येताना त्याला म्हटलं, "त्या मोजणीवाल्यांना फोन कर. जागा आहे का विचार."

"आणि तुम्ही?"

"मी काय? कारखाना आहे, तुझी आई आहे. ती बोलायला लागली तर मला श्वास घ्यायला फुरसत देणार नाही."

तो थोडा हसला. म्हणाला, "धूळ आहे बाबा तिकडे. चौघांची खोली आहे."

माझेच मुद्दे मला ऐकवत होता. मी म्हटलं, "असू दे." एवढं बोलायला मला नदीचा अख्खा पूल ओलांडावा लागला.

शनिवार, २४ ऑगस्ट

आज गेला.

आठवडाभर सूचना मनात घोकत होतो. कुणी खोकलं तर तोंड फिरव, ओल्या कपड्यांत बसू नकोस, लोणी न चुकता खा. स्टेशनवर सगळ्या एकदम घशाशी आल्या आणि एकही बाहेर पडली नाही. हिने त्याच्या कपाळाचा पापा घेतला. मी सामान वर चढवलं. वजन जास्त होतं, पण त्याने ते माझ्या हातून घेतलं आणि धाप न लागता आत ठेवलं.

मग दारात उभा राहून मी विचारलं, "फोनवर गोळीचं विचारत जाऊ का?"

"नका विचारू बाबा. तुम्ही विचारलंत की तुम्हाला बरं वाटेल तेच मी सांगेन. जन्मभर तेच केलंय आम्ही दोघांनी."

दोघांनी म्हणजे त्याने आणि मोठीने. मोठीने मला काय काय सांगितलं असेल, माझं समाधान व्हावं म्हणून, ते आता कुणाला विचारणार?

"नाही विचारणार," मी म्हटलं.

घरी आलो. ही दार उघडायच्या आधी जरा थांबली, आत शिरायला धीर होत नव्हता तिला. मीही थांबलो.

रविवार, १३ ऑक्टोबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं. कामावर जातो, जेवतो. जेवण चवीने होतं असं नाही, पण ही समोर बसते आणि ताट रिकामं झाल्याशिवाय उठत नाही. आम्ही मोठीबद्दल बोलतो. पूर्वी एकमेकांना जपण्यासाठी बोलणंच टाळायचो. आता एकाने सुरुवात केली की दुसरा पुढचं सांगतो, आणि कधी कधी एकाच गोष्टीच्या दोन तऱ्हा निघतात. त्यावर भांडणही होतं.

आज दुपारी खारूचा फोन आला. वारा इतका होता की शब्द तुटत होते. टेकडीच्या माथ्यावरून बोलत होता. सकाळपासून तिपाई खांद्यावर घेऊन चढलेत. म्हणाला, "बाबा, इथून समोरची टेकडी जवळ वाटते, पण मोजली की लांब निघते. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, असं मास्तर म्हणतात." मी म्हटलं, माझं पोट डोळ्यांवरच चाललंय, तुझ्या मास्तरांना सांग. तो हसला आणि हसता हसता त्याला धाप लागली.

मी ऐकत होतो. फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला. धाप चालू होती. शेवटी एक खोकला आला, कोरडा की ओला ते वाऱ्यात कळलं नाही. पूर्वी भिंतीपलीकडून मला कळायचं. तोंडाशी प्रश्न आला होता. तो मी गिळला.

"बोलताय ना बाबा?" त्याने विचारलं.

"ऐकतोय," मी म्हटलं. "चढ मोठा होता का?"

"खूप मोठा."

फोन ठेवला. ही हात पुसत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. "कसा वाटला?" तिने विचारलं.

"दमला होता."

तिचा चेहरा उतरला. "कशाने?"

"डोंगराने," मी सांगितलं.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि खरं काय ते मला माहीत आहे का, हे विचारायचं तिनेही टाळलं.